फोनवर सांगायचा आकडा

ट्रस्टच्या दवाखान्यात मी स्टोअर सांभाळत असे. सुया, कापूस, पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या, फिनेल, झाडू. जे लागतं ते आणायचं आणि जे संपणार आहे ते आधी ओळखायचं. डॉक्टरकीशी माझा काही संबंध नव्हता. तरी इंदुरात स्नेहलतागंजातल्या आमच्या त्या दुमजली दवाखान्यात फोनवरून मुंबईच्या डॉक्टरांचा सल्ला मिळेल अशी खोली करायचं ठरलं, तेव्हा तिथली यंत्रं मी निवडावीत असं विश्वस्तांनी सांगितलं. आमचे दोन्ही डॉक्टर यंत्रांवरून आपसात भांडत बसत. मला भांडायला वेळ नव्हता, एवढीच माझी लायकी.

ते मिल बंद पडण्याचे दिवस होते. एक बंद झाली, मग दुसरी, मग ज्यांच्या बंद होण्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता त्याही. मिलबरोबर मिलचा दवाखाना गेला. त्याच वेळी बाजारात मात्र कधी न पाहिलेला माल येऊन पडत होता. परदेशी टीव्ही, परदेशी चॉकलेटं, परदेशी थर्मामीटर. एकीकडे माणसं रिकामी होत होती आणि दुसरीकडे दुकानं भरत होती.

माझे सासरे अशाच रिकाम्या झालेल्यांपैकी. कार्डिंग खात्यात जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या माणसांचे मुकादम. कापूस पिंजून त्याचा पेळू जिथे होतो ते हे खातं, सगळ्यात धुळीचं. त्यांना मधुमेह होता आणि रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन लागे. नवरा महूला नोकरीला, पहाटे निघे. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणून इंजेक्शन मी देत असे. सुरुवातीला दोघांनाही अवघड वाटलं. सासऱ्यांच्या दंडाला सुनेनं हात लावायचा म्हणजे काय! मग सवय झाली.

त्यांची वर्षानुवर्षांची डॉक्टरीणबाई इंदूर सोडून मुंबईला मुलाकडे गेली होती. मिलच्या पुष्कळ लोकांना तीच बघत आलेली. फोनच्या खोलीची कल्पना तिचीच. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी फोनपाशी बसेन, म्हणाली, एक पैसा नको. पण मला तिने वेगळं बजावलं.

"हे बघा, मला माणूस दिसणार नाही. त्याचा चेहरा नाही, जीभ नाही, घाम नाही. तुम्ही जो आकडा सांगाल त्यावर मी इन्सुलिन ठरवणार. आकडा चुकला तर मी आंधळी. आणि इन्सुलिन म्हणजे काही खोकल्याचं औषध नव्हे. जास्त झालं तर माणूस दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही."

पहिल्या रोग्यांत माझे सासरे असणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी माझे नियम लावले. यंत्र बिघडलं तर माणूस इंदुरातला येणार की मुंबईहून, हे आधी विचारायचं. त्याची पट्टी आणि बॅटरी स्टेशनजवळच्या दुकानात मिळते का, हे स्वतः जाऊन बघायचं. आणि यंत्र जे दाखवतं ते सिस्टरला एका दमात, न अडखळता फोनवर सांगता आलं पाहिजे. ज्याचं म्हणणं समजावून सांगावं लागतं असं यंत्र या खोलीत नको.

या नियमांत बरंच काही बसलं नाही. फोनच्या रिसीव्हरवर ठेवलं की हृदयाचा आलेख आवाजाच्या रूपात मुंबईला पोचवणारं एक यंत्र आलं होतं. विक्रेत्यानं लावून दाखवलं. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला तर पाऊस ऐकू येतोय." त्या लाइनवर माणसाचा आवाज धड जात नव्हता, हृदयाचा काय जाणार! मी साधं ईसीजीचं मशीन घेतलं आणि कागद पाठवायला फॅक्स. रक्तदाबाला पाऱ्याचं. फोन मात्र चांगला, स्पीकरचा घेतला.

राहिलं रक्तातली साखर मोजायचं मशीन. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर, आकडा समोर. आमच्याकडे ते नवंच होतं. विक्रेता तीन कंपन्यांची मशीनं घेऊन आला आणि ऑफिसच्या टेबलावर मांडून बसला. मोठे विश्वस्त, कापडाचे व्यापारी, तेही चष्मा चढवून आले. सगळ्यात चकचकीत मशीन त्यांनी उचललं.

"ये वाली लो बाईजी. अमरीका की है. देखो, कैसी टूं टूं बोलती है."

"शेठजी, और इसकी पट्टी? वो भी अमरीका से मँगवानी पड़ेगी क्या?"

शेठजींनी विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेत्यानं छताकडे.

मी ठरवलं ते मशीन दिसायला साबणाच्या वडीसारखं होतं, पण आकडे ठसठशीत आणि पट्ट्या दोन दुकानांत मिळणाऱ्या. घ्यायच्या आधी तपासून घेतलं. माझं बोट, सिस्टरचं, कारकुनाचं, एका वॉर्डबॉयचं. त्याच वेळी सगळ्यांचं रक्त आमच्या लॅबमध्येही दिलं. आकडे जवळजवळ जुळले. विक्रेत्यानं जाताना सिस्टरला शिकवलं, "हात धुलवाना मत. गीली उँगली से खून पतला हो जाता है, रीडिंग गलत आती है. स्पिरिट लगाओ, सूखने दो, टोचो." सिस्टरनं मान हलवली. मीही हलवली. स्पिरिटच्या बाटल्यांची ऑर्डर वाढवली.

पहिल्या मंगळवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. वरच्या मजल्यावर खोली, बाहेर व्हरांड्यात बाक. बाकावर सगळी मिलचीच माणसं. मी खाली स्टोअरमध्ये होते, त्यांचा नंबर आला तेव्हा वर गेले. सिस्टरनं स्पिरिट लावलं, टोचलं, आकडा वाचला. दोनशे ऐंशी.

स्पीकरमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काय हो जॉबरसाहेब, जिलबी चालू झाली की काय?"

"जिलबीनं मला सोडलं मॅडम, मी कुठे सोडली! पण नाही, तोंडाला लावत नाही."

"नाश्त्याला काय होतं?"

"सून जे देते ते. दोन फुलके आणि दुधी. मिलच्या कँटीनमध्ये याच्याहून बरं मिळायचं."

मी म्हणाले, "मॅडम, घरात गोड शिजतच नाही. मी स्वतः बघते."

डॉक्टरीणबाईंनी सकाळच्या इन्सुलिनचे चार युनिट वाढवले. शुक्रवारी आकडा तीनशेच्या वर गेला. पुन्हा चार वाढवले. पुढच्या मंगळवारी तीनशे वीस. पुन्हा.

मला काही बरोबर वाटत नव्हतं. साखर एवढी चढली तर माणूस सारखं पाणी मागतो, सारखा उठतो. हे तर तसं काही करत नव्हते. उलट अकराच्या सुमाराला चिडचिड करायला लागत. पेपर हातात धरून एकाच ओळीवर बसत. डोक्याला रुमाल फिरवत. मी विचारलं, "बाबा, बाहेर काही खाता का?"

"काय खाणार?"

"रात्री फिरायला म्हणून जाता. सराफ्यात, त्या मिठाईच्या गाड्यांवर, तर नाही ना जात?"

"नऊ वाजता माझे डोळे मिटतात. सराफा कुठला!" मग एकदम आवाज चढला. "एवढी वर्षं खातं सांभाळलं. कुणाच्या डब्याला कधी हात नाही लावला. आता तुला जबाब द्यायचा?"

"मला नको. सुईला द्या. ती रोज वाढतेय."

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी मात्र गल्लीच्या तोंडावरच्या हलवायाला जाऊन विचारून आले. तो हसला. "अरे दीदी, बाबूजी तो दुकान के सामने से मुँह फेर के जाते हैं."

त्यानंतर बुधवारी साडेअकराच्या सुमाराला दवाखान्यात शेजारणीचा फोन आला. "ताबडतोब ये. तुझे सासरे काहीतरीच बोलतायत."

मी रिक्षा केली. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शर्ट पिळून काढावा इतका ओला. एक बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. मला ओळखलं नाही. "मशीन बंद कर," म्हणत होते, "अरे, आधी मशीन बंद कर, हात जाईल." मी शेजारणीकडून साखर घेतली, पाण्यात कालवली आणि चमच्यानं थोडी थोडी पाजली. त्यांनी चमचा दातांत धरून ठेवला. सोडेचनात. मी गालावर चापट मारली. सासऱ्यांच्या गालावर! शेजारीण आ वासून बघत राहिली. चमचा सुटला, मी दुसरा घोट दिला.

पाव तासानं ते म्हणाले, "तू ऑफिसला गेली नाहीस?"

कोपऱ्यावरच्या एसटीडीतून मी मुंबईला फोन लावला. काचेच्या पेटीत लाल आकडे पळत होते.

"साखर उतरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवायला उशीर झाला?"

"बाराला जेवतात. हे साडेअकराला झालं. मॅडम, काल मशीन तीनशे वीस म्हणालं. आज माणूस साखर उतरून पडला. दोन्ही खरं कसं?"

"दोन्ही खरं असू शकतं. कधी फार चढते, कधी फार उतरते. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्या. आत्तापुरते दोन युनिट कमी करा. पण शुक्रवारी पुन्हा तीनशे आलं तर मला डोस वाढवावाच लागेल, नाहीतर भरती करून घ्या."

"आणि मशीन चुकीचं असेल तर?"

लाल आकडे पळत राहिले.

"तर मी तीन वेळा त्यांना मारायची तयारी केली, असा अर्थ होईल. तुम्ही मशीन तपासा. आजच."

मी तपासलं. माझं बोट, कारकुनाचं, बाहेर औषधाला आलेल्या एका बाईचं. लॅबशी ताडून पाहिलं. मशीन बरोबर. गुरुवारी सकाळी सासऱ्यांचं उपाशीपोटीचं रक्त लॅबमध्ये दिलं, तेही व्यवस्थित. संध्याकाळी मशीन पिशवीत घालून घरी नेलं. चहा-पोळीनंतर दोन तासांनी त्यांचं बोट टोचलं. एकशे पंधरा.

मी पुन्हा टोचलं. एकशे बारा.

"आता चाळणी करणार का माझी?" ते म्हणाले.

म्हणजे घरी साखर ठीक. दवाखान्यात तीनशे. मशीन तेच, बोट त्याच माणसाचं. मधे काय होतं? मधे घर ते दवाखाना एवढा रस्ता होता. मला राग असा आला की रात्री पोळ्या लाटताना दोन करपल्या. हा माणूस मंगळवारी आणि शुक्रवारी वाटेत कुठेतरी गोड खातो, त्या खाण्यावर इन्सुलिन ठरतं आणि उरलेले दिवस ते इन्सुलिन त्यालाच खातं. हलवाई खोटं बोलला असेल. वाटेत हलवाई काय एक आहे?

नवऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा असं करणार नाहीत."

"मग कोण करतं? मशीन?"

माझ्याकडे उत्तर होतं, निदान मला तसं वाटत होतं. शुक्रवारी सकाळी मी इंजेक्शन दिलं, नाश्ता समोर बसून खायला लावला, "मी पुढे जाते" म्हणून निघाले आणि दूधवाल्याच्या दुकानाशी आडोशाला उभी राहिले. ते निघाल्यावर मागे चालू लागले. चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई सासऱ्यांच्या मागावर! कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते कोण जाणे.

ते रमत गेले. पोहे-जिलबीच्या गाडीपाशी घोळका होता, तिथे त्यांनी मान वळवली नाही. मग किराण्याच्या दुकानात शिरले. एक छोटी पुडी घेऊन बाहेर आले, खिशात टाकली. आता उघडतील, मग उघडतील. उघडली नाही. दवाखान्याचा जिना चढले. मी मागोमाग वर आले आणि शेवटच्या पायरीवर थांबले.

बाकावरची माणसं त्यांना बघून उठली. कुणी दम्याचा, कुणी रक्तदाबाचा, दोघेतिघे साखरेचे.

"आओ जॉबर साब, बैठो. टाइम से आए, लगता है साइरन सुन लिया."

"साइरन तेरी सासू बजाती है क्या?" सासऱ्यांनी बसता बसता खिशातून पुडी काढली आणि मांडीवर उघडली. गुळाचा खडा होता.

त्यांनी तो दोन्ही हातांच्या बोटांनी मोडला. एक तुकडा याला, एक त्याला. माणसांनी हात पुढे केले ते कसे, देवळात तीर्थ घेतात तसे. साखरवाल्या दोघातिघांनी नुसतं बोट टेकवून कपाळाला लावलं आणि तुकडा शेजाऱ्याला दिला. सासऱ्यांनी स्वतः काही घेतलं नाही. चुरा झटकला, बोटं पायजम्याला पुसली.

मला ही गोष्ट माहीत होती, पण मिलच्या फाटकापाशी होणारी म्हणून. कार्डिंग खात्यातून पाळी संपवून निघालेल्या माणसाचा घसा कापसाच्या धुळीनं भरलेला असतो, गुळानं तो सुटतो असं ते मानत. आणि गूळ मोडायचा जॉबरनं. दुसऱ्या कुणी मोडला तर तो नुसता गूळ. मिल बंद झाली, फाटकाला कुलूप लागलं, धूळ घशात जायची थांबली. या माणसांना एकत्र बसायला जागा म्हणून हा बाक उरला, आणि आठवड्यातून दोनदा ते इथे बसून तेच करत होते.

म्हणजे ते खात नव्हते. मी रस्ताभर बांधून आणलेला सगळा राग तिथे पायरीवर उभ्या उभ्या निकामी झाला. आणि भीती परत आली. खात नाहीत, मग तीनशे कुठून?

सिस्टरनं हाक मारली. मीही त्यांच्याबरोबर आत गेले आणि पिशवीतलं मशीन सिस्टरला दिलं. फोन लागलेलाच होता. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवला, टोचलं, थेंब पट्टीवर.

"तीन सौ चालीस, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडलेला स्पीकरवर ऐकू आला. "ठीक आहे. आता थांबण्यात अर्थ नाही. सकाळचा डोस सहानं वाढवा. आज दुपारी वॉर्डात ठेवून घेता येईल का?"

सिस्टर लिहू लागली. सासरे टोचलेल्या बोटावर कापसाचा बोळा दाबून बसले होते. रक्त थांबलं म्हणून त्यांनी बोळा सोडला. तो पडला नाही. अंगठ्याला चिकटून लोंबत राहिला. त्यांनी दुसऱ्या हातानं ओढला तर कापसाचे तंतू त्या बोटांनाही लागले.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले. "फोन ठेवू नका."

"काय झालं?"

"ठेवू नका एवढंच. बाबा, चला."

"कुठे?"

"खाली. नळावर."

वर नळ नव्हता. मागच्या अंगणात होता, भांडी घासायचा. जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. आधी कधी धरला नव्हता. नळावर मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि कपडे धुवायच्या साबणानं लहान पोराचे घासावेत तसे घासले. नखांतून, पेरांतून, पुन्हा एकदा. ते म्हणाले, "अग, काय चाललंय?" मी उत्तर दिलं नाही. त्यांचे तळवे गार होते आणि पाण्याखाली थरथरत होते. कोरड्या टॉवेलनं पुसले, एक एक बोट. वर चढताना ते मधेच थांबले. कपाळावर घामाचे थेंब आले होते. मला आता आकड्याची वाट बघण्याचीसुद्धा भीती वाटत होती.

"सिस्टर, दूसरी उँगली. जल्दी."

पट्टीवर थेंब. यंत्र मोजू लागलं. फोनमधून मुंबईच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"चौवन," सिस्टर म्हणाली. चोपन्न. मग तिनं मशीन उलटं करून पाहिलं, जणू आकडा मागे सांडला असेल. "चौवन, मॅडम. अभी तीन सौ चालीस था."

"दुसऱ्या हाताचं बोट," डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बदलला होता. "तो हातही धुतलाय ना?"

"दोन्ही धुतले. बाहेर बाकावर गूळ मोडून वाटतात, मॅडम. खात नाहीत, मोडतात."

तिसऱ्या बोटाचा आकडा एकावन्न.

"साखर द्या. आत्ता. जे असेल ते."

मी दार उघडून ओरडले, "अरे, गुड़ बचा है क्या किसी के पास?" बाकावरून चार हात एकदम पुढे आले. मी एक तुकडा घेऊन सासऱ्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ मिटले आणि मान फिरवली.

"मी सोडलाय."

"बाबा, डॉक्टर सांगतायत."

"सोडलाय म्हटलं ना. मॅडमसमोर शपथ घेतलीय," त्यांनी फोनकडे बोट दाखवलं.

"जॉबरसाहेब," स्पीकर म्हणाला, "मीच सोडवते शपथ. खा."

दारात गर्दी झाली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "खा लो साब. रोज हम खाते हैं, तुम देखते हो. आज तुम खाओ, हम देखेंगे." कुणीतरी हसलं. सासऱ्यांनी तुकडा तोंडात घेतला, आणि मग दुसरा मागितला. तेव्हा मी खुर्चीवर बसले.

ते जरा ताळ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी हिशेब उलटा केला. वाढवलेलं सगळं इन्सुलिन रद्द, मूळच्या डोसहूनही दोन कमी. मग विचारलं, "बाकावर आणखी कोणाकोणाचं इन्सुलिन मी वाढवलं?" सिस्टरनं सांगितलं. दोघांचं. एक समोर उभा होता, त्याला तिथेच नळावर पाठवलं. दुसरा आज आला नव्हता.

सासरे हे ऐकत होते. "म्हणजे माझ्या हातानं?" त्यांनी विचारलं.

मी गोड बोलण्यात वाकबगार नाही. "हो," म्हणाले. "हाताला गूळ, रक्ताला गूळ, मशीनला फरक कळत नाही. स्पिरिटनं तो निघत नाही."

ते उठले. न आलेला माणूस परदेशीपुऱ्यात राहत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांनी आज फिरायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही. रिक्षात माझ्याशेजारी बसले आणि चाळीतल्या दारावर स्वतः थाप मारली. दार उघडणाऱ्या त्या माणसाच्या बायकोला नमस्कार करायच्या आधी विचारलं, "वो कहाँ है? उठा हुआ है ना? बोलता है ना?" तो मागच्या खोलीत भाजी निवडत बसला होता. त्यानं मान वर केली तेव्हा सासऱ्यांनी चौकट धरली. मग त्याला उद्याच्या सुईत किती औषध भरायचं ते चारदा सांगितलं आणि चारदा म्हणून घेतलं. खात्यात नव्या माणसाला शिकवत असतील तसं.

मी सोमवारी वरच्या मजल्यावर नळ आणि बेसिन मागितलं. शेठजी म्हणाले, "बाईजी, आपको तो मशीन चुनने को कहा था, ये प्लंबर का काम कब से?" मी म्हणाले, "शेठजी, ये भी मशीन ही समझो." त्यांना पटलं नाही, पण बेसिन लागलं. बेसिनशेजारी सिस्टरनं हिंदीत पाटी लावली. ती फारसं कुणी वाचत नसे. म्हणून बोट पुढे केलं की सिस्टर ते आधी चिमटीत धरून बघे आणि चिकट लागलं तर बोलायच्या आत हातात साबण ठेवी.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी सकाळी मी सुई भरली. नेहमीपेक्षा कितीतरी खालच्या रेघेवर दट्ट्या थांबवला आणि उजेडात धरून दोनदा पाहिलं. सासरे बघत होते.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी बाही वर केली. इंजेक्शन दिलं, नाश्ता दिला, आणि मी कामावर गेले नाही. ऑफिसला निरोप पाठवला. समोरच्या खोलीत त्यांचा पेपर, मी दारात तांदूळ निवडत. दहा वाजले. साडेदहा. साडेअकराला ते रुमाल काढतात का, हे मी तांदळाकडे बघत असल्यासारखं करून बघत होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग पुढचं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"अशी काय टक लावून बसलीस? पडणार नाहीये मी."

"मी तांदूळ निवडतेय."

"निवडलेले तांदूळ पुन्हा निवडतेयस. मघापासून तेच ताट आहे."

मी ताट बाजूला ठेवलं. बारा वाजले तेव्हा ते उठले, स्वतः मोरीत जाऊन हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. भूक लागलीय, म्हणाले. मी वाढलं. दुधी बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि दोनदा मागून घेतला.

मग मी साडी बदलली आणि अर्ध्या दिवसाच्या कामाला निघाले.